घोड्यावरच्या बिऱ्हाडाची वाट अडवता येते का? वनहद्द, गायरान, पाणंद : मेंढपाळ आणि शेतकरी दोघांनी वाचावी अशी माहिती

दसरा झाला, की माण, खटाव, फलटण, खंडाळा या पट्ट्यातले वाडे हलायला लागतात. कुणी घाट उतरून कोकणात जातं, कुणी नदीकाठच्या बागायतीत, कुणी मिळेल त्या पडीवर. पुढे मेंढरं, बाजूला कुत्री आणि मागे घोडी. घोडीच्या पाठीवर सगळा संसार असतो. वाघूर, भांडी, धान्याची पोती, घोंगडी, खुराड्यातल्या कोंबड्या, रात्री जन्मलेली कोकरं, आणि त्या सगळ्याच्या वर कधी दोन-तीन वर्षांचं पोर. हल्ली काही वाड्यांनी छोटा हत्ती घेतला आहे, बिऱ्हाड त्यातून पुढच्या मुक्कामाला जातं. पण जिथे चाक जात नाही तिथे आजही घोडीच लागते, आणि मेंढरांना चांगला चारा अशाच ठिकाणी असतो.

गेल्या काही वर्षांत मात्र दरवर्षी एकच तक्रार कानावर येते : वाट बंद झाली. कुठे वनखात्याने चर मारला, कुठे तारेचं कुंपण आलं, कुठे शेतकऱ्याने पाणंद नांगरली, कुठे महामार्गाने शिवार मधोमध कापलं. मग वाडा डांबरी रस्त्याने निघतो, आणि रात्री भरधाव ट्रकखाली मेंढरं गेल्याची बातमी आम्हीच देतो. अशा बातम्या मी स्वतः लिहिल्या आहेत. त्यात "रस्ता ओलांडताना" असं छापतो. मेंढरं मुळात त्या रस्त्यावर का आली, हे छापायला जागा नसते.

म्हणून हा लेख. वाट कुणाची, ती कोण बंद करू शकतं, बंद केली तर काय करायचं, आणि मेंढपाळाचाही हक्क कुठे संपतो, हे जमेल तेवढं सोपं करून मांडलं आहे. मी वकील नाही. शेती करतो आणि बातम्या देतो. कायद्याची कलमं वाचून, माहीतगारांना विचारून लिहिलं आहे. प्रत्यक्ष दावा करताना वकिलाचा सल्ला घ्यावाच.

आधी एक गाठ सोडवू : जाणं वेगळं, चारणं वेगळं

निम्मी भांडणं या एका गोंधळातून होतात. वाटेने जनावर घेऊन जाणं हा एक हक्क, आणि त्या जमिनीवर जनावर चारणं हा दुसरा. एक आहे म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. आणि दुसरा नाही म्हणून पहिला जातही नाही.

गार्ड म्हणतो, "इथं चराईबंदी आहे, मागं फिरा." बंदी चराईवर असते. त्या रानातून सार्वजनिक वाट जात असेल, तर वाटेने सरळ चालत जाणाऱ्याला मागे फिरवायला चराईबंदी पुरत नाही. उलट मेंढपाळही म्हणतात, "आमची बापजाद्याची वाट हाय," आणि वाटेच्या दोन्ही अंगाला दिवसभर मेंढरं सोडतात. ते वाटेच्या हक्कात बसत नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये 'गुरे' या शब्दाच्या व्याख्येत गाय-म्हैस तर आहेच, शिवाय घोडा, घोडी, तट्टू, शिंगरू, खेचर, गाढव, मेंढी, बकरी, उंट, डुक्कर, अगदी हत्तीसुद्धा आहे. १८७१ च्या गुरे अतिचार कायद्यात, म्हणजे कोंडवाड्याच्या कायद्यात, तसंच आहे. त्यामुळे "घोडं म्हणजे वाहन, त्याला चराईचा नियम लागत नाही" ही समजूत चुकीची. एक अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

राखीव वनातली वाट

राखीव वनात गुरं घुसवणं किंवा चारणं हा कलम २६ खाली गुन्हा आहे. पण त्याच कायद्यात त्याच्या अगदी आधीचं कलम २५ आहे, आणि ते फार कमी लोक वाचतात. ते असं सांगतं, की राखीव वनातली सार्वजनिक किंवा खाजगी वाट वनअधिकाऱ्याला बंद करता येते, पण दोन अटींवर. एक, राज्य शासनाची किंवा शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी हवी. दोन, त्या वाटेच्या बदल्यात शासनाच्या मते सोयीची अशी दुसरी वाट आधीपासून असली पाहिजे किंवा खात्याने करून दिली पाहिजे.

म्हणजे राखीव वन झालं म्हणून जुनी वाट आपोआप मेली असं नाही. ती बंद करायला कागद लागतो. चर खोदणाऱ्या मजुराला किंवा त्याच्यावर देखरेख करणाऱ्या गार्डला तोंडी तेवढा अधिकार नाही. त्यामुळे वाट अडली की पहिला प्रश्न हाच : "कलम २५ खालचा आदेश आहे का? त्याची प्रत मिळेल का? पर्यायी वाट कोणती?" भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, एवढंच विचारायचं. नाही मिळाली प्रत, तर उपवनसंरक्षक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "असा कोणताही आदेश अभिलेखात आढळत नाही" असं उत्तर आलं, तर तो कागद जपून ठेवा. पुढे तोच उपयोगी पडतो.

आता दुसरी बाजू. मेंढपाळांची वाट कागदावर कमजोर का आहे, हेही समजून घेतलं पाहिजे. राखीव वन जाहीर करताना वन जमाबंदी अधिकारी नोटीस काढतो, ज्याचा हक्क असेल त्याने ठरलेल्या मुदतीत येऊन सांगावं म्हणून. ही मुदत किमान तीन महिन्यांची. ज्याने सांगितलं नाही आणि चौकशीतही ज्याचा हक्क समोर आला नाही, त्याचा हक्क कलम ९ प्रमाणे संपतो. आणि एकदा राखीव वन झालं, की कलम २३ प्रमाणे तिथे वापराने नवा हक्क तयार होत नाही. वारसाने किंवा शासनाने दिलेलाच चालतो.

विचार करा. नोटीस गावच्या चावडीवर लागली. गावकऱ्यांनी आपला सरपणाचा, पाण्याचा, वाटेचा हक्क सांगितला. वाडा त्या महिन्यांत घाटाखाली. तो परत आला तेव्हा मुदत संपलेली. चावडीवर काय लागलं होतं हे त्याला कुणी सांगितलं असेल? फिरणाऱ्या माणसाचा हक्क कागदावरून असाच निसटतो. कुणी काढून घेतला असंही म्हणता येत नाही. तो हजर नव्हता, एवढंच.

२००६ च्या वनहक्क कायद्याने काय बदललं

हेच दुरुस्त करायला २००६ चा कायदा आला. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम हे त्याचं पूर्ण नाव. आपल्याकडे हा कायदा म्हटलं की वनातला प्लॉट आणि आदिवासी एवढंच डोळ्यापुढे येतं. पण त्यातल्या कलम ३(१)(घ) मध्ये सामूहिक हक्कांत चराईचा हक्क आहे, तोही स्थायिक आणि फिरत्या अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा. त्यासोबत भटक्या किंवा पशुपालक समाजाला हंगामानुसार पारंपरिक साधनांपर्यंत पोचण्याचा हक्क आहे. पोचण्याचा म्हणजे वाटेचाही. घोड्यावर बिऱ्हाड लादून कार्तिकात जाणारा आणि उन्हाळ्याच्या तोंडी परतणारा वाडा हे त्या वाक्याचं अगदी चपखल उदाहरण आहे.

अडचण पुढे आहे. महाराष्ट्रात धनगर समाज भटक्या जमाती (क) मध्ये आहे, अनुसूचित जमातीत नाही. त्यामुळे दावा 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून करावा लागतो. त्याला अट अशी, की १३ डिसेंबर २००५ च्या आधी किमान तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, वनावर अवलंबून असल्याचं दाखवायचं. एका जागी राहणाऱ्यालाही ७५ वर्षांचा पुरावा जड जातो. जो चार दिवसांच्या वर एका रानात थांबत नाही, त्याने काय दाखवायचं?

पण वाट आहे. नियम १३ मध्ये जे पुरावे चालतात त्यात गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनखात्याची कार्य आयोजना हे सरकारी कागद आहेत. विहिरी, दफनभूमी, देवस्थानं अशा जमिनीवरच्या खुणा आहेत. वंशावळ आहे. आणि दावेदार सोडून दुसऱ्या वयस्क माणसांचे लेखी जबाबही आहेत. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. ज्या गावात तुमचा वाडा दरवर्षी बसतो तिथला ऐंशी वर्षांचा म्हातारा शेतकरी "यांचा आजा आमच्या रानात मेंढरं बसवायचा" असं लिहून देऊ शकतो. त्याच्या रानाला फुकट खत मिळालेलं असतं, त्यामुळे बहुधा तो देतोही. वाटेवरचा बिरोबा, पाण्याचा झरा, मुक्कामाचं ठरलेलं झाड, सगळं नोंदवता येतं.

दावा सामूहिक हक्काच्या नमुना 'ख' मध्ये ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो. तिथून उपविभागीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती. निर्णय मान्य नसेल तर प्रत्येक टप्प्यावर ६० दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं. आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय दावा फेटाळता येत नाही.

नियम १२ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. पशुपालक आणि भटक्या समाजाच्या दाव्याची पडताळणी ते लोक किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील अशा वेळीच करायची. वाडा कोकणात असताना स्थळपाहणी उरकून "दावेदार गैरहजर" असा शेरा मारला असेल, तर त्या पाहणीला हरकत घ्या. दाव्याचा पट्टा दोन तालुक्यांत किंवा दोन जिल्ह्यांत पसरला असेल तर समित्यांनी एकमेकांशी समन्वय करायचा, हेही नियमांत आहे. आणि कलम ४(५) प्रमाणे पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदाराला त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर एकेका कुटुंबाने अर्ज करण्यात अर्थ नाही. वाटेचा दावा वाड्यांनी मिळून, मुक्कामवार नकाशा जोडून केला तरच टिकेल. आणि वाटेवरच्या गावांच्या ग्रामसभा बरोबर लागतात. त्या गावांशी वर्षभर भांडून दाव्याच्या वेळी गोड बोललं तर कुणी सही देत नाही.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान

सुप्याचं मयूरेश्वर, कर्जतचं रेहेकुरी, सोलापूरकडचं नान्नजचं माळढोकाचं रान, ही सगळी उघड्या माळाची अभयारण्यं. मेंढरांचं आणि काळवीट-चिंकाऱ्याचं रान एकच. तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही, पण त्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याने पार होणाऱ्याला कलम २७ मध्येच सूट आहे. जनावरांची चराई आणि ये-जा यांचं नियमन कलम ३३ खाली मुख्य वन्यजीव रक्षक करतात. म्हणजे अभयारण्यात सरसकट "नाही" असं कायदा म्हणत नाही, "नियमाने" म्हणतो. लसीकरणाचा आग्रहही तिथे धरला जातो, कारण पाळीव जनावराचा रोग रानटी जनावराला लागतो. पीपीआर, आंत्रविषाराच्या लसीची नोंद असलेला कागद सोबत असेल तर बोलणं सोपं जातं.

राष्ट्रीय उद्यानात मात्र चराई पूर्ण बंद, आणि जनावराला आत प्रवेशही नाही. इथेच तो अपवाद आहे. कलम ३५(७) म्हणतं, की ज्याला आत जायची परवानगी आहे असा माणूस जनावर वाहन म्हणून वापरत असेल, तर तेवढं जनावर आत जाऊ शकतं. म्हणजे परवानगी असलेल्या माणसाची पाठीवर बसायची किंवा ओझ्याची घोडी आत जाईल, तिच्यामागची मेंढरं जाणार नाहीत.

गायरान : इथे मेंढपाळाची बाजू लंगडी आहे

गायरानाबद्दल खरं सांगितलं पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २३ प्रमाणे मोफत चराईच्या जमिनीवर चराईचा हक्क त्या गावच्या किंवा ज्या गावांना ती नेमून दिली त्यांच्याच गुरांना आहे. बाहेरगावच्या वाड्याला गायरानात चारायचा कायदेशीर हक्क नाही. गाव बसू देतं ते चालीरीतीने, ओळखीने. ग्रामपंचायतीने नाही म्हटलं तर हक्क सांगता येत नाही.

पण गायरानातून जाणाऱ्या वाटेचं तसं नाही. कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा, ओढे-नाले यांची मालकी शासनाची, आणि ती लोकांच्या वहिवाटीच्या हक्काला धरून. अशी सार्वजनिक वाट लोकांच्या वापराला नको आहे म्हणून मोडीत काढायची असेल, तर कलम २१ खाली जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर नोटीस देऊन, हरकती ऐकून ते करायचं असतं. ग्रामपंचायतीच्या ठरावाने वाट मरत नाही.

आणि गायरानच शिल्लक राहिलं नाही तर वाटेवर भांडून काय उपयोग? २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. त्यानंतर १२ जुलै २०११ ला महाराष्ट्राने शासन निर्णय काढला. अंमलबजावणी किती झाली हे ज्याने त्याने आपल्या गावच्या गायरानात जाऊन बघावं.

विदर्भातल्या वाचकांसाठी : तुमच्याकडे निस्तार पत्रकाची सोय आहे. संहितेतलं ते प्रकरण मुळात विदर्भासाठी आहे. दुसऱ्या गावच्या पडीत किंवा सरकारी वनात चराईचा हक्क असेल, तर तिथवर जायच्या वाटेची नोंद जिल्हाधिकाऱ्यांकडून करून घेता येते, मार्गही आखून मिळतो. आमच्या पश्चिम महाराष्ट्रात तशी सरळ सोय असती तर हा लेख निम्म्यात संपला असता.

पाणंद, गाडीवाट, पायवाट

वनाच्या बाहेर सगळ्यात जास्त वाटा बंद केल्या आहेत त्या आपण शेतकऱ्यांनी. यात मी आलो. आमच्या भावकीच्या रानाकडेने एक पाणंद होती. लहानपणी त्यातून दोन बैलगाड्या अंगाला अंग घासून जायच्या. दरसाल नांगराचा एक-एक तास आत सरकत गेला. माझ्या वडिलांच्या हयातीत एक गाडी जायची, आता मोटारसायकल जाते. मी नांगरली नाही, पण नांगरताना बघत होतो आणि बोललो नाही.

काही वर्षांपूर्वी त्याच पाणंदीने वरच्या टेकडीकडे एक वाडा निघाला. पाणंद अरुंद म्हणून त्यांनी वनहद्दीच्या कडेची जुनी वाट धरली. तिथे नवा चर होता, गवताने झाकलेला. पहाटेचा अंधार. पुढची घोडी ओझ्यासकट आत गेली. आम्ही चार जणांनी दोर लावून वर काढली, पण पुढचा पाय गेला होता. म्हातारे मेंढपाळ काही बोलले नाहीत. त्यांच्या घरच्या मावशींनी सांडलेली ज्वारी मातीतून वेचून पदरात घेतली. मी म्हटलं, "आबा, तुम्ही खालनं यायचं ना." ते म्हणाले, "मालक, खालनं वाट ऱ्हायलीया कुटं?" त्यानंतर दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

असो. कायद्याकडे येऊ. गावनकाशात वाटांच्या खुणा असतात. गावाहून गावाला जाणारा ग्रामीण रस्ता साधारण ३३ फुटांचा, म्हणजे पूर्ण एक साखळी. गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवतात, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग एका तुटक रेषेने, रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे पाव साखळी. (आपला गुंठाही त्याच साखळीतून आला. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट.) लादलेली घोडी सव्वाआठ फुटांतून आरामात जाते. शे-दोनशे मेंढरं मात्र रेटारेटी करतात आणि कडेच्या पिकात शिरतात. म्हणजे पाणंद नांगरून आपण वाचवलेला तास आपल्याच पिकात मेंढरं आणतो.

गावनकाशा भूमी अभिलेखच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर मोबाईलवर बघता येतो. पण तिथे सगळ्याच जुन्या वाटा दिसतील असं नाही. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गावनकाशाची नक्कल घ्या. नकाशात वाट असेल तर तहसीलदारांकडे अतिक्रमण काढायचा अर्ज करता येतो.

वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे. ते फक्त शेतीला नाही, चराईच्या जमिनीलाही लागू आहे, हे लक्षात ठेवा. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. फिरत्या माणसासाठी हे सहा महिने फार लवकर जातात. जाताना वाट बंद दिसली, परतल्यावर बघू म्हटलं, की मुदत गेली. म्हणून दिसल्याच्या आठवड्यात अर्ज द्या, पोच घ्या, मग पुढे जा. कलम १४३ चा रस्ता मात्र जमीनधारकाला आपल्या शेतात जायला बांधावरून मिळतो. जमीन नसलेल्या मेंढपाळाला त्याचा उपयोग नाही.

खाजगी जमिनीतून वीस वर्षं, आणि शासनाच्या जमिनीतून तीस वर्षं, कुणाची परवानगी न मागता, उघडपणे, खंड न पडता वापर केला असेल तर सुविधाधिकार कायदा १८८२ प्रमाणे वाटेचा हक्क मागता येतो. तो दिवाणी दावा, वेळ खाणारा. राखीव वनात तो चालणार नाही, कारण वर सांगितलेलं कलम २३.

पिकात घोडं शिरलं तर

शेतकऱ्याची तक्रार खोटी नसते. मेंढरं वाघुरीत असतात, कुत्री राखतात. घोड्याला मात्र रात्री पुढच्या पायांना पायबंद घालून सोडतात, आणि पायबंदासकट उड्या मारत ते हरभऱ्यात जातं. सकाळी अर्धा वाफा साफ.

नुकसान करणारं जनावर शेतकरी पकडू शकतो, पण ते २४ तासांच्या आत कोंडवाड्यात द्यायला हवं. "भरपाई दे, मग घोडी सोडतो" म्हणून आपल्याच गोठ्यात बांधून ठेवणं कायद्यात बसत नाही. मेंढपाळानेही पकडलेलं जनावर जबरदस्तीने सोडवून नेणं गुन्हा आहे. बेकायदा पकडलं असं वाटत असेल तर दहा दिवसांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. तिथे मिळू शकणारी नुकसानभरपाई कायद्यात लिहिली आहे जास्तीत जास्त शंभर रुपये. १८७१ चा कायदा आहे, तेव्हा शंभराला किंमत असेल. पंचांसमोर नुकसान ठरवून, लेखी करून, दोघांनी सही केलेली बरी. पैसे दिले तर पावती घ्या. वनखात्याला दंड भरलात तरी पावती घ्या. पावती मिळत नसेल तर तो दंड नव्हे, हे मी सांगायला नको.

नवे महामार्ग

समृद्धीसारख्या द्रुतगती मार्गावर जनावरांना प्रवेश नाही, आणि तो बरोबरच आहे. पण असा रस्ता शिवारातून गेला की जुन्या वाटा दोन तुकड्यांत कापल्या जातात. खालून जायला भुयारी मार्ग कुठे ठेवायचा हे आराखड्याच्या वेळी ठरतं. जनसुनावणी असते, मोजणी असते, तेव्हा गावकरी आपली शेतवाट सांगतात. मेंढरांची वाट कुणी सांगत नाही, कारण ती वर्षातून दोनदाच वापरात येते आणि सांगणारा तेव्हा गावात नसतो. आपल्या गावावरून नवा रस्ता जाणार असेल तर सरपंच, पोलीस पाटील यांनी ही एक ओळ हरकतीत घालावी. नंतर कठडा फोडून वाट करता येत नाही.

वाट नुसती असून भागत नाही, खुराला चालण्यासारखी हवी. माथेरानला मोटारींना बंदी, ये-जा घोड्यावर. तिथे रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायचं निघाल्यावर घोडेवाल्यांनी घोडी घसरतात म्हणून हरकत घेतली, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे पाणंद रस्त्याचं खडीकरण-मुरुमीकरण होतं तेव्हा उघडी टोकदार खडी तशीच सोडतात. नाल नसलेल्या घोडीचे खूर त्यावर फुटतात. वरून मुरूम दाबून घेतला तर खर्च फार वाढत नाही.

मोबाईल हातात आहे तर एवढं करा

या वर्षी जाताना-येताना वाटेचा जीपीएस माग मोबाईलमध्ये नोंदवून ठेवा. तरुण पोरांना येतं ते. प्रत्येक मुक्कामाचा, पाणवठ्याचा, देवाच्या ठिकाणाचा तारीख आणि ठिकाण दिसेल असा फोटो काढा. जिथे वाट बंद आहे तिथले दोन फोटो, एक चराचा किंवा कुंपणाचा आणि एक लांबून सगळा परिसर दिसेल असा. गावातल्या दोन वयस्क माणसांचं बोलणं रेकॉर्ड करा, मग ते कागदावर लिहून सही किंवा अंगठा घ्या. रेकॉर्डिंग मदतीला असतं, दाव्यात लेखी जबाबच लागतो. हे सगळं एका मोबाईलवर ठेवू नका, दुसऱ्या कुणाला पाठवून ठेवा. पाण्यात पडलेले मोबाईल मी बरेच बघितलेत.

आमच्या पाणंदीचं सांगायचं राहिलं. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यायचे निर्देश दिले, त्याचा आधार घेऊन भावकीतल्या तिघांनी आणि मी मिळून मोजणीचा अर्ज दिला आहे. दोघे अजून सही करत नाहीत. जुन्या नकाशाची नक्कल हातात आली, त्यात आमच्या कडेने दोन तुटक रेषा स्वच्छ दिसतात. म्हणजे किमान साडेसोळा फूट. मोजणीची तारीख दिवाळीनंतरची मिळेल असं कार्यालयात सांगितलं. वाडा तोवर घाटाखाली गेलेला असेल. त्यांचा फोन नंबर अर्जाला जोडला आहे.